रूबेन खोलीत नसताना

हेस्टर प्राइकने जन्मभर तीन कामं केली आणि आमच्या गावाने त्यातलं एकच काम मानलं. पबच्या पाट्या रंगवणं, हे काम. मेलोडियन वाजवणं आणि गाणं, ही हौस. आणि पुस्तक लिहिणं म्हणजे पाट्यांची कामं नसली की सुचणारं खूळ. तिला कोणी हे तोंडावर ऐकवलं तर ती विचारायची, "आणि तुम्ही काय करता? शेजाऱ्याच्या कामांची मोजदाद?" जिभेला धार होती. पण एका गाण्याच्या बाबतीत तिने सोळा-सतरा वर्षं तोंड मिटून ठेवलं, आणि तिची हकिकत सांगायची तर तिथूनच सांगायला हवी.

तिचा बाप एडगर प्राइक हाही पाट्याच रंगवायचा. लाल सिंह, पांढरे घोडे, मुकुट, नांगर. आमच्या हॉलेस्टनपासून सायकलवर जाता येईल तिथपर्यंतच्या सगळ्या पबांवर त्याचे सिंह होते, आणि पुढे पुढे त्या सिंहांना आमच्या डॉक्टरांचा चेहरा यायला लागला होता. डॉक्टरांना ते कळलं होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त एडगरला कडू औषध द्यायचे असं लोक म्हणत. शनिवारी संध्याकाळी एडगर भात्याची ती छोटी पेटी, मेलोडियन, घेऊन थ्री हेरिंग्ज या आमच्या पबमध्ये जायचा आणि बुटांच्या टाचा आपटून नाचणाऱ्यांना साथ करायचा. जाताना पेटी तो स्वतः न्यायचा. येताना ती उचलायला शुद्धीवरचं कोणीतरी लागायचं, म्हणून हेस्टरला बरोबर नेत. बायका मागच्या लहान खोलीत बसायच्या. हेस्टर मात्र पुढच्या खोलीत, बापाच्या पायाशी, उलट्या खोक्यावर आल्याचं सरबत पीत बसायची. ती कोणाची कोण हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी हटकलं नाही.

हेरिंगच्या त्या खोलीत गाण्याचा अध्यक्ष असायचा. तेव्हा ते पद पर्सी स्मायकडे आलं होतं. पर्सी गाड्यांची चाकं बनवायचा, आणि त्याच्या हातात पिंपाला तोटी ठोकायची लाकडी मोगरी असायची. ती टेबलावर आपटून तो म्हणायचा, "शांतता. गाणाऱ्याला गाऊ द्या." मग ज्याचं नाव घेईल त्याने गायचं. आणि प्रत्येकाचं गाणं ठरलेलं. अल्बर्टचं कोल्ह्याचं, पर्सीचं स्वतःचं भांडकुदळ बायकोचं, सायरसचं फाशी गेलेल्या चोराचं. ही गाणी त्यांनी रचलेली नव्हती, कोणाच्या आजोबांकडून, कोणाच्या चुलत्याकडून आलेली. पण जोवर तो माणूस खोलीत बसलाय तोवर त्याच्या गाण्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कोणी कोणाला शिकवलंही नव्हतं.

खिडकीखालची जागा रूबेन गॅरडची. हॉल फार्मवर घोड्यांचं सगळं त्याच्याकडे. उंच, हाडकुळा, नाक म्हणाल तर खोलीत त्याच्या आधी शिरणारं. त्याचं गाणं होतं खाजणातलं. एका मेंढपाळाचा पोरगा भरती चढत असताना चुकलेली मेंढी आणायला खाजणात उतरतो, आणि त्याची आई बांधावरून हाका मारत चालत राहते. नऊ कडवी. सहाव्या कडव्यात आई हाक मारते, आणि तिथे रूबेन थांबायचा. डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून, नुसता थांबायचा. इतका वेळ, की परगावचा कोणी आला असेल तर गाणं संपलं समजून टाळ्या वाजवायला लागायचा आणि मग पर्सीची मोगरी बघून हात मांडीखाली दडपायचा. आम्ही त्यासाठीच परक्यांना पुढे बसवत असू. मग रूबेन सातवं कडवं इतक्या खालच्या आवाजात उचलायचा की पुढे झुकून ऐकावं लागे.

हेस्टर बारा वर्षांची असेल. घरी येताना मेलोडियन पोटाशी धरून ती ते गाणं गुणगुणायला लागली, तसा एडगर रस्त्यातच थांबला.

"ते रूबेनचं आहे."

"मग मी कधी म्हणू?"

"रूबेन नसेल तेव्हा."

"नसेल म्हणजे? मेल्यावर?"

"नसेल म्हणजे खोलीत नसेल. मेल्यावर म्हणायचं तर वर्षभर थांबायचं. तेवढी तरी लाज बाळगायची माणसाने."

त्या दिवशी हेस्टरने मनाशी ठरवलं की हे गाणं एक दिवस आपलं होणार. मुली या वयात दुसरी काहीतरी स्वप्नं बघतात. हिने हे बघितलं.

पुढे ती इप्सविचला चित्रकलेच्या शाळेत गेली. तिथे दोन वर्षं सफरचंदं काढली. मग एडगरचे हात थरथरायला लागले, घोड्यांचे पाय वाकडे यायला लागले, तेव्हा ती परत आली आणि बापाचे ब्रश हातात घेतले. तिचे सिंह सिंहासारखे दिसत. लोकांना थोडी चुटपुट लागली. एडगर गेल्यावर मेलोडियनही तिच्याकडे आलं आणि शनिवारची ती जागाही. तेव्हा मात्र एकदोघांनी नाकं मुरडली, बाई माणूस पुढच्या खोलीत म्हणून. हेस्टरने नाचाची चाल एवढ्या झपाट्याने उचलली की नाकं मुरडणाऱ्यांचेच पाय हलायला लागले, आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

मग एकोणीसशे एकसष्टचा हिवाळा आला. नॉरिचहून रेडिओवाले आले, गावोगाव हिंडून गाणारी माणसं शोधत होते. त्यांनी हेस्टरला बोलावलं. शनिवारी संध्याकाळी, थेट कार्यक्रम, दोन गाणी. एक तर नाचाची चाल ठरली. दुसरं कोणतं, हे हेस्टरच्या मनात कधीचंच ठरलेलं होतं. तरी ती पर्सीच्या कारखान्यात गेली, कारण अध्यक्षाला विचारणं बरं.

पर्सीने चाकाचा आरा डोळ्यांसमोर धरला आणि विचार केला.

"कार्यक्रम नॉरिचला ना?"

"नॉरिचला."

"रूबेन नॉरिचला येणार आहे का?"

"तो इप्सविचला सुद्धा जात नाही."

"मग तो खोलीत नाही. म्हण खुशाल. फक्त आधी सांग, रूबेनचं गाणं म्हणते म्हणून."

असं अगदी रीतसर ठरलं. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हेस्टर रेडिओवर येणार म्हटल्यावर अख्खं गाव हेरिंगमध्ये जमणार. लोणच्याच्या कांद्यांच्या बरण्यांवरच्या फळीवर रेडिओ ठेवला होता. आणि खिडकीखाली आपल्या जागेवर, हातात ग्लास धरून, रूबेन बसला होता.

हेस्टर दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने परतली. तिची कल्पना होती की थांब्यावर चार जण तरी असतील. एकटा पर्सी उभा होता, टोपी हातात घेऊन, मयताला आल्यासारखा.

"चूक माझी पण आहे," तो म्हणाला. "तू तिथे गाशील आणि ते इथे ऐकू येईल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. सहाव्या कडव्याला थांबलीस ना तू, तेव्हा जरा डोळे मिटून होता. मग ग्लास संपवला आणि गेला."

"अरे, मग रेडिओ बंद का नाही केलात कोणी?"

पर्सीने टोपी फिरवली. "आम्ही ऐकत होतो ना पोरी. चांगलं म्हटलंस."

चांगलं म्हटलंस, हीच तर अडचण होती. वाईट म्हटलं असतं तर रूबेन हसून उडवून लावू शकला असता. हेस्टर पिशवी घरी न टाकता तशीच हॉल फार्मच्या तबेल्यात गेली. रूबेन डचेस नावाच्या तांबड्या घोडीला खरारा करत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी नॉरिचला होते, मिस्टर गॅरड. तुम्ही इथे होतात. मी रीत मोडली नाही."

"रीतीचं कोण बोलतंय? गाणं कुठे होतं काल?"

हेस्टरने पिशवी खाली ठेवली.

"हेरिंगमध्ये होतं," रूबेन म्हणाला. "आणि मीही तिथेच होतो. माझ्या डोक्यावर, त्या कांद्यांच्या बरण्यांवर बसून कोणीतरी माझं गाणं म्हणत होतं, आणि मी ग्लास धरून ऐकत होतो. लोक माझं तोंड बघत होते, आता हा काय करतो म्हणून."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

"मला हे गाणं हवंय. लहान असल्यापासून हवंय. पण असं नको होतं."

"हवं होतं, घेतलंस. आता तूच ठेव. मला नको ते." त्याने घोडीला वळवलं. हेस्टर आणि तो यांच्यामध्ये आता सगळी घोडीच होती.

"तुम्ही आपल्या हातांनी द्याल तेव्हाच मी ते म्हणेन," हेस्टर घोडीच्या अलीकडून म्हणाली. "तोवर नाही. नॉरिचला नाही, लंडनला नाही, न्हाणीघरात सुद्धा नाही."

"बघू. प्राइकांचा शब्द म्हणजे त्यांच्या रंगाच्या वासासारखा. दोन दिवसांत उडतो."

हेस्टर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. रूबेनने तिला दोन शिव्या घातल्या असत्या तर कदाचित ती पुढे विसरली असती. पण या टोमण्याने काम केलं. ती बाहेर पडली ती हट्टाला पेटूनच.

पुढच्या शनिवारी पर्सीने नेहमीसारखी मोगरी आपटली. "रूबेन, तुझं गाणं?"

"घसा बरा नाही," रूबेन म्हणाला.

त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. महिने गेले, वर्षं गेली. शनिवारी रात्री घसा बरा नसायचा आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये हाच घसा असा चालायचा की पाद्रीबुवा खास त्याचं नाव घेऊन कौतुक करायचे. सगळं गाव ताकास तूर लागू देत नव्हतं. पर्सी दर शनिवारी विचारायचा, रूबेन दर शनिवारी तेच सांगायचा, आणि समोर मेलोडियन मांडीवर घेऊन हेस्टर बसलेली असायची. एकही शनिवार तिने चुकवला नाही. चुकवला असता तर रूबेनला वाटलं असतं की शब्दाचा वास उडाला.

आणि याच वर्षांत बाहेर सगळीकडे अशा गाण्यांची लाट आली होती. इप्सविच, केंब्रिज, लंडन, जिथे तिथे पबच्या माडीवर मंडळं निघाली. कोळ्यांचे स्वेटर घातलेली पोरं यायची, ज्यांनी ताटाबाहेर मासा पाहिलेला नव्हता. हेस्टरला बोलावणी यायची. ती आठवडाभर शिडीवर चढून पाट्या रंगवायची आणि अधूनमधून मेलोडियन घेऊन आगगाडीत बसायची, शनिवार सोडून. रेडिओवरचं ते गाणं लोकांच्या लक्षात राहिलं होतं. सगळीकडे तीच फर्माईश.

"ते रूबेन गॅरडचं आहे," ती सांगायची.

एकदा लंडनला एका दाढीवाल्याने विचारलं, "ते वारले का?"

"छे. परवाच भेटले."

"मग अडचण काय? लोकगीत आहे. लोकगीत सगळ्यांचं असतं."

"सगळ्यांचं असतं तर तुम्हाला येत असतं," हेस्टर म्हणाली आणि दुसरंच गाणं सुरू केलं.

एका कंपनीने तिची तबकडी काढायची तयारी दाखवली. अट एकच, पहिलं गाणं ते. तबकडी निघाली नाही. तिच्या मागून आलेल्या, तिच्याकडून चाली उचललेल्या मुलींच्या तबकड्या निघाल्या, त्यांचे फोटो छापून आले. हेस्टरला याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. चांगलंच वाटलं. त्या हिवाळ्यात तिने व्हाइट हॉर्सचा जो घोडा रंगवला तो इतका रागीट झाला की पबवाल्याने परत पाठवला.

मग तिने पुस्तक मनावर घेतलं. या किनाऱ्यावरचे गाणारे, एकेकाची ओळख, त्याचं गाणं, आणि लिनोलियमवर कोरून छापलेलं त्याचं चित्र. रूबेनवाचून ते पुस्तक म्हणजे चिमणीवाचून घर. एका सप्टेंबरात ती त्याच्या बागेत गेली. तो कांद्याच्या माळा वळत बसला होता. बरीच वर्षं दोघांत 'हवा बरी आहे' याच्यापलीकडे बोलणं नव्हतं.

"तुमचं चित्र काढू?"

"गाणं नाही ना?"

"नाही."

"मग काढ. मी काही करणार नाही मात्र. माळा वळणार."

दोन तास तो माळा वळत होता आणि ती कागदावर वाकली होती. पुस्तकात सगळ्या गाणाऱ्यांची तोंडं उघडी आहेत. एकट्या रूबेनचं मिटलेलं आहे. त्याच्याबद्दल तिने भरपूर लिहिलं, घोड्यांबद्दल, त्याच्या बसण्याबद्दल, त्या थांबण्याबद्दल. गाण्याचा एक शब्द लिहिला नाही. लंडनच्या प्रकाशकाकडे मिस्टर लॅम्बोर्न म्हणून संपादक होते, सज्जन माणूस, त्यांनी तिला चहा पाजून समजावलं.

"मिस प्राइक, सगळं पुस्तक या गाण्याभोवती फिरतं, आणि गाणंच नाही. वाचक आमच्या नावाने खडे फोडेल."

"माझ्या नावाने फोडू दे."

"तुम्हाला येतं ना ते?"

"येतं."

"मग लिहून द्या. आत्ता. मी कागद देतो."

हेस्टरने चहा संपवला, बाड काखेत मारलं आणि घरी आली. पुस्तक शेवटी हेल्सवर्थला एका छापखान्यात निघालं, जिथे एरवी गुरांच्या लिलावाची जाहिरातपत्रकं छापत. पर्सीने एक प्रत हेरिंगमध्ये आणून टेबलावर ठेवली. रूबेनने ती लांब धरून आपलं पान बघितलं. सगळी खोली कानोसा घेत होती.

"नाक मोठं काढलंस," तो म्हणाला.

"आहेच मोठं," हेस्टर म्हणाली.

रूबेनने पान उलटलं, मागे पुढे शोधलं. गाणं कुठे नाही हे त्याला दिसलं. त्याने पुस्तक मिटून परत टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ ग्लासात बघत बसला. हेस्टरला वाटलं, आज. आज हा काहीतरी बोलणार. पर्सीलाही वाटलं असावं, कारण त्याने मोगरी अगदी हळू आपटली. "रूबेन, तुझं गाणं?"

"घसा बरा नाही," रूबेन म्हणाला आणि खोकला.

तो खोकला राहिला. हिवाळाभर राहिला. एका रविवारी चर्चमध्ये हेस्टरच्या लक्षात आलं की पुरुषांच्या बाजूने जो खर्ज यायचा तो येत नाहीये. तिने मान वळवून पाहिलं. रूबेन उभा होता, ओठ हलत होते. मग इप्सविचचं रुग्णालय झालं, गळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि वसंतात तो परत आला तो गळ्याभोवती मफलर गुंडाळून. आवाज गेला होता. नुसती कुजबूज उरली होती, तीही जवळ गेल्याशिवाय कळायची नाही.

हेस्टर रंगाच्या शेडमध्ये बसून रडली. आधी त्याच्यासाठी रडली, मग गाण्यासाठी, आणि मग रागाने. त्याच्या हट्टाचा राग, आपल्या हट्टाचा त्याहून जास्त. दोन हट्टी माणसांच्या मध्ये एक गाणं इतकी वर्षं उपाशी ठेवलं होतं, आणि आता ज्याचं होतं त्याला ते कधीच म्हणता येणार नव्हतं. पर्सी दारात येऊन उभा राहिला.

"आता म्हण तू ते. त्याला आवाज नाही."

"कान आहेत," हेस्टर म्हणाली.

"तो गेल्यावर म्हणशील?"

"गेल्यावर नाही. त्याने दिलं तर. शब्द दिलाय मी."

"तो द्यायचा नाही. तोंडाने मागून घेणं, तोंडाने देणं, गॅरडांच्या रक्तात नाही ते. त्याच्या बापाने सुद्धा दिलं नव्हतं, बापाच्या मागे वर्ष थांबून घेतलं याने."

"मग माझ्याकडे येणार नाही," हेस्टर म्हणाली. नाक पुसलं आणि ब्रश धुवायला घेतले. ती असं म्हणाली खरी, पण तिच्या मनाने अजून हार मानली नव्हती. शनिवारी ती जायची, समोर बसायची.

तो जूनमधला शनिवार. सात वाजून गेले तरी बाहेर लख्ख ऊन, खिडक्या उघड्या, खाजणावरून खारट वारा येत होता. रूबेन आपल्या जागी होता. नुकताच भरलेला ग्लास त्याच्यासमोर होता. सायरस गाऊन झाला, नाच झाला. पर्सीचंही वय झालं होतं, आणि इतक्या वर्षांची सवय. त्याने मोगरी आपटली आणि तोंडातून निघून गेलं, "रूबेन, तुझं गाणं?"

बोलल्यावर त्याने जीभ चावली. खोलीतली सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. रूबेनने तोंड उघडलं आणि मिटलं. जे उत्तर तो इतकी वर्षं देत आला होता ते आता खरं झालं होतं, आणि ते द्यायलाही आवाज नव्हता. तो उठला. बाकाला धरून, टेबलांमधून वाट काढत दारापर्यंत गेला. बाहेर पडला आणि दार मागे ओढून घेतलं.

"मी गाढव आहे," पर्सी म्हणाला. "म्हातारा गाढव."

संपलं, आता हा पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, असंच हेस्टरला वाटलं. मग तिची नजर टेबलावर गेली. ग्लास भरलेला होता. आमच्याकडे भरला ग्लास टाकून कोणी घरी जात नाही, घराला आग लागली असली तरी आधी तो संपवतात. तिने खिडकीकडे बघितलं. बाहेर, भिंतीला लागून असलेल्या बाकावर, खोलीकडे पाठ करून, खाजणाकडे तोंड करून रूबेन बसला होता. त्याचं डोकं खिडकीच्या चौकटीत दिसत होतं.

पर्सीनेही ग्लास पाहिला. मग खिडकी पाहिली. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"हेस्टर," तो म्हणाला, "रूबेन खोलीत नाही."

"खिडकी उघडी आहे, पर्सी."

"खिडकी उघडी आहे. आणि रूबेन खोलीत नाही. स्वतःच्या पायांनी गेलाय तो. गॅरड तोंडाने देत नाहीत. अध्यक्ष मी आहे." त्याने मोगरी आपटली. "शांतता. गाणाऱ्याला गाऊ द्या."

हेस्टरने मेलोडियन मांडीवरून खाली ठेवलं. "रूबेनचं गाणं म्हणते," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांत शब्द गंजले असतील. एकही गंजला नव्हता. पोरगा खाजणात उतरला, पाणी चढलं, आई बांधावर आली. खिडकीतलं ते डोकं हललं नाही. सहाव्या कडव्यात आईने हाक मारली आणि हेस्टर थांबली. बाहेर कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत तिला एकदम भीती वाटली, आणि तिने सातवं कडवं उचललं. नववं संपवलं. शेवटचे चार शब्द, आमच्याकडे म्हणतात तसे, न गाता नुसते बोलली.

कोणी टाळी वाजवली नाही. दार उघडलं. रूबेन आत आला, जाताना घेतला तेवढाच वेळ घेऊन आपल्या जागेवर बसला, ग्लास उचलला आणि एक छोटा घोट कसाबसा गिळला. खोली इतकी गप्प होती की त्याची कुजबूज शेवटच्या टेबलापर्यंत गेली.

"सहाव्याला घाई केलीस."

"केली," हेस्टर म्हणाली. "भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही परत येणार नाही याची."

रूबेनने मफलर नीट केला. तिच्याकडे बघितलं, त्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं. "परत म्हण," तो म्हणाला.

पर्सी लगबगीने उठला आणि त्याच्यासाठी दार उघडायला गेला. रूबेनने मान हलवली.

"लाव ते," तो कुजबुजला. "वारा येतोय. मी इथेच बसणार आहे."

पर्सीने दार लावलं. हेस्टर पहिल्या कडव्यापासून पुन्हा गायला लागली, त्याच्यासमोर, त्याच खोलीत. सहाव्या कडव्यात आईने हाक मारली तेव्हा ती थांबली, आणि रूबेनने मान डोलावेपर्यंत थांबून राहिली.